पाणाड्याचा नारळ आणि ६०० फुटांचा बोअर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. पारनेरच्या बाजूला तुमचं ३ एकर रान आहे. ४५ फुटांची जुनी विहीर आहे, तिला दिवाळीपर्यंत बरं पाणी असतं आणि फेब्रुवारीत तळ दिसतो. वडिलांनी पाणाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ घेऊन रानात फिरला, बांधाजवळ एका जागी नारळ उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, ‘इथं दोन झरे मिळतात, ६०० फूट जा.’ बोअरच्या गाडीवाल्यानं पावणेदोन लाखांचा हिशेब दिला आहे. तुम्ही पुण्यात नोकरीला. तुम्हाला हे पटत नाही, पण नारळ उभा राहताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय आणि याच माणसानं दाखवलेल्या जागी शेजाऱ्याला पाणी लागलंय. तेव्हा यात काही तथ्य आहे का, आणि बोअर घ्यावा का?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या रानात कोणता थर किती खोलीवर आहे यावर अवलंबून आहे, ते इथं बसून देणं तुमच्यावर अन्याय होईल. मी २८ वर्षं भूजलाचं काम करतोय, बहुतेक नगर, पुणे आणि सोलापूर पट्ट्यात. त्या अनुभवातून माझं मत असं झालंय की आपल्याकडच्या शेतकऱ्याचं खरं नुकसान नारळानं होत नाही. जमिनीखालच्या पाण्याचं जे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, ते चित्र नुकसान करतं. त्यावर मी जास्त बोलणार आहे. पण नारळ आधी.

नारळ उभा राहतो हे तुम्ही पाहिलं ते खरंच आहे, आणि बहुतेक पाणाडे तो मुद्दाम उभा करत नाहीत. उघड्या तळहातावर, शेंडी बोटांकडे करून आडवा ठेवलेला नारळ मुळातच डळमळता असतो. मनगट किंवा बोटं जराशी हलली तरी तो कलतो, आतलं पाणी एका बाजूला सरकतं आणि कलणं वाढतं. हाताची ही हालचाल इतकी बारीक असते की करणाऱ्यालाही ती जाणवत नाही. मनात अपेक्षा आली की हात आपोआप तिकडे झुकतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ मध्ये हे लंबकाच्या बाबतीत दाखवून दिलं होतं. हातात धरलेला लंबक त्यांना हवा तसा झुलायचा, आणि डोळ्यांवर पट्टी बांधली की थांबायचा. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञांनी १८५२ मध्ये अशा नकळत होणाऱ्या हालचालींना शास्त्रीय नाव दिलं. प्लँचेटची वाटी सरकते ती याच कारणानं, आणि उंबराची किंवा लिंबाची बेचक्यासारखी काडी खाली झुकते तीही याच कारणानं. ती काडी दोन्ही हातांनी ताणून धरलेली असते, म्हणून मनगट केसभर वळलं तरी टोक झटक्यानं खाली जातं.

‘ओ पॉझिटिव्ह’ रक्तगटाच्या किंवा पायाळू (पायांकडून जन्मलेल्या) माणसालाच पाणी कळतं असं लोक म्हणतात, पण यात रक्तगटाचा काही संबंध नाही, आणि पायाळू असण्याचाही नाही. हे लिहायलाच हवं, कारण मी जाईन त्या गावात कुणीतरी मला रक्तगट विचारतं. ‘ओ पॉझिटिव्ह’ हा आपल्या देशात सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्तगटांपैकी एक आहे, त्यामुळे पाणाड्यांमध्येही तो सारखा सापडणारच.

याची नीट चाचणीही झालेली आहे. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७–८८ मध्ये सरकारी पैशातून मोठा प्रयोग झाला. सुमारे ५०० जणांमधून ४३ उत्तम पाणाडे निवडले. दुमजली कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून त्याची जागा दर वेळी बदलायची, आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं ती ओळखायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी काही मोजक्या लोकांत खरी क्षमता असल्याचा दावा केला. नंतर अमेरिकेतले अभ्यासक जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. एका फेरीत बरी उत्तरं देणाऱ्याला पुढच्या फेरीत तेच जमत नव्हतं, आणि निव्वळ अंदाजानं जितकी उत्तरं बरोबर यावीत तितकीच आली होती.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. मग शेजाऱ्याला पाणी लागलं कसं?

हाच प्रश्न मला एका म्हाताऱ्या पाणाड्यानं विचारला होता. मोठा सरळ माणूस. जागा दाखवायचे पैसे घेत नव्हता, नारळ तेवढा घरी न्यायचा. त्यानं आपणहून सांगितलं, माझी परीक्षा घ्या. एका मोकळ्या रानात तो नारळ घेऊन फिरला आणि त्यानं जागा दाखवल्या. आम्ही तिथं खुंट्या ठोकल्या. मग त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधून, हाताला धरून त्याच रानात पुन्हा फिरवलं. नारळ पुन्हा उभा राहिला, पण वेगळ्याच जागी. तिसऱ्या फेरीत आणखी वेगळ्या. उपरणं सोडल्यावर तो खुंट्यांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘मग सायेब, ४० वर्षं लोकांना पाणी लागलं ते कसं?’ त्याला दुखावल्याचं मला वाईट वाटलं, पण प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचं उत्तर आपल्या खडकात आहे.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भूभाग बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराचा खालचा, मधला भाग बहुतेक टणक, तो आपला काळा पाषाण. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, तो आपला मांजऱ्या. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं गेरूसारखी तांबडी माती. यांतला वरचा खडक झिजून मुरूम झालाय. पाणी मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि पाषाणाच्या चिरांमध्ये साठतं. म्हणजे ते चादरीसारखं पसरलेलं असतं, कुठं जाड, कुठं विरळ. तुमच्या शिवारात ४० फुटांवर ओला मांजऱ्या असेल, तर तो तुमच्याही रानाखाली आहे, शेजाऱ्याच्याही आणि पलीकडच्याही. अशा ठिकाणी डोळे मिटून दगड भिरकावला आणि तो पडेल तिथं बोअर घेतला, तरी थोडंफार पाणी लागण्याची शक्यता चांगली असते. पाणाड्याचं ‘यश’ बहुतांशी या चादरीचं यश असतं.

त्यात माणसाच्या आठवणीचीही भर पडते. पाणी लागलेल्या बोअरवर नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. कोरडा गेलेला बोअर दगड टाकून बुजवतात आणि घरातसुद्धा त्याचा विषय काढत नाहीत. त्या म्हाताऱ्याला मी हेच विचारलं: तुमच्या जागी कोरडे गेलेले बोअर सांगायला किती जण परत आले? तो म्हणाला, ते कशाला येतील.

पण पाणाड्याला काहीच कळत नाही असंही मी म्हणणार नाही. ४० वर्षं एकाच तालुक्यात फिरलेल्या माणसाला ओढ्याचं वळण, उंबर-जांभळाची झाडं, वारुळं, उन्हाळ्यात हिरवा राहणारा बांध, कुणाच्या विहिरीला किती परसांवर (परस म्हणजे पुरुषभर खोली) पाणी, हे सगळं ठाऊक असतं. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायात झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखण्याच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत. उथळ पाण्यासाठी त्यांतल्या काही आजही विचारात घेण्यासारख्या वाटतात, कारण झाडाला आणि वाळवीला ओल लागतेच. हे ज्ञान डोळ्यांत असतं आणि श्रेय मात्र नारळाला मिळतं. डोळे बांधले की नारळ दिशाहीन होतो तो म्हणूनच.

त्याच अध्यायात आणखी एक कल्पना आहे. माणसाच्या अंगात शिरा असतात तशा जमिनीतही पाण्याच्या शिरा असतात, ही. तुमचा पाणाड्या ‘दोन झरे मिळतात’ म्हणाला, ते हेच चित्र. आपण सगळेच ‘झरा लागला’ असं बोलतो, आणि विहिरीच्या कड्यातून पाण्याची धार पडताना दिसते म्हणून ते खरंही वाटतं. पण ती धार म्हणजे ओल्या थराची एक फट विहिरीत उघडी पडलेली असते. तिच्यामागे नदी नसते. माझा खरा वाद या चित्राशी आहे. कारण पाणी शिरेत आहे असं एकदा मानलं की दोन गोष्टी ओघानं येतात: नेमकी जागा सापडली की प्रश्न सुटला, आणि शिरा सापडत नसेल तर आणखी खोल जा.

खोल जाण्याबद्दल स्पष्ट सांगतो. खाली कुठलाही समुद्र नाही. कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्रं घेतली, तेव्हा एका ठिकाणी सुमारे ९३० मीटरपर्यंत बेसॉल्टचे थर आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. जितकं खोल जावं तितका वरचा भार वाढतो, चिरा मिटत जातात, झीज पोहोचलेली नसते. खोलवर पाणी अजिबात नसतं असं नाही. दोन थरांच्या सांध्यात ३००–४०० फुटांवर चांगलं पाणी लागलेलं मी पाहिलंय. पण त्या सांध्यात वरून पाणी झिरपायला फार काळ लागतो. गाडी उभी असताना ‘तीन इंची’ धार लागते, पहिलं वर्ष जोरात जातं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात मोटर हवा ओढायला लागते. साठा संपलेला असतो आणि भरणा तेवढा नसतो. बोअर लागला त्या दिवशी इंच विचारण्यापेक्षा तो मे महिन्यात किती तास चालतो हे विचारावं. शेजाऱ्याला पाणी कधी लागलं हे तुम्ही लिहिलेलं नाही. या पावसाळ्यानंतर लागलं असेल, तर त्यावरून अजून काहीच ठरत नाही.

खोल बोअरचा आणखी एक तोटा आहे. केसिंग, म्हणजे बोअरच्या आत बसवायचा पाइप, साधारणपणे मुरूम संपेपर्यंतच टाकतात. त्याखालचं छिद्र उघडंच असतं. वरच्या ओल्या थराचं पाणी त्या छिद्रातून खाली उतरू शकतं, आणि मग तुमची स्वतःची विहीर फेब्रुवारीऐवजी डिसेंबरात आटते. एका वस्तीवर अशा सलग बोअरनंतर जुन्या विहिरी कोरड्या पडलेल्या मी पाहिल्यात. त्या विहिरी आजोबा-पणजोबांनी खांद्यावर माती वाहून खोदलेल्या होत्या. हे पाहून आजही जीव तुटतो.

आता थोडा हिशेब करू, कारण ‘पाणी कुठं’ याच्या आधी ‘पाणी किती’ हा प्रश्न यायला हवा. झिजलेल्या बेसॉल्टमधून मिळू शकणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. पावसाळ्यानंतर तुमच्या रानाखाली ८ मीटर जाडीचा ओला थर आहे असं मानू. एकरी साठा झाला सुमारे साडेसहा लाख लिटर, ३ एकरांचा १९ लाख. पाटानं पाणी दिलं तर कांद्याच्या एका एकराला हंगामात २० लाख लिटरच्या पुढं लागतं. म्हणजे तुमच्या मालकीच्या जमिनीखालचा सगळा साठा एक एकर कांद्यालाही पुरत नाही. भरण्याकडे बघा: ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि भूजल मोजणीत बेसॉल्टसाठी धरतात तसे त्यातले ७ ते १३ टक्के मुरले, तर एकरी दीड ते अडीच लाख लिटर. बाकी जे पाणी तुमच्या विहिरीत येतं, ते वरच्या अंगाच्या रानांतून, ओढ्यातून, पाझर तलावातून झिरपत आलेलं असतं, आणि तुमच्या रानातलं खालच्यांकडे जातं. ८ मीटर हा माझा अंदाज आहे. तुमच्याकडे ५ असेल किंवा १२ असेल, पण तिन्ही एकरांच्या कांद्याला पुरेल एवढं पाणी त्यातून निघत नाही.

तुमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजारनं हेच ओळखलं. शेतीसाठी बोअर नाही, उसासारखं पीक नाही, आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय घ्यायचं ते ठरवायचं. तिथल्या विहिरी उथळ थरावरच चालतात.

इथवर थोडक्यात: नारळ हातानं हलतो. पाणी लागतं ते थरामुळे. थर सामाईक आहे आणि त्यात मोजकंच पाणी मावतं.

‘मग मशीन लावू का’ असं तुम्ही विचाराल. विद्युतरोध मोजण्याची पद्धत मी वापरतो. जमिनीत चार खुंट्या ठोकायच्या, दोनांतून वीज सोडायची, दोनांवर व्होल्टेज मोजायचं, आणि अंतर वाढवत नेत खालच्या थरांचा अंदाज घ्यायचा. ओला झिजलेला खडक कमी रोध दाखवतो, टणक पाषाण जास्त. पण गेरू आणि ओली चिकणमातीही कमीच रोध दाखवतात. कामाच्या पहिल्या काही वर्षांत मी याच गफलतीत एका शेतकऱ्याला जागा दाखवली. १८० फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली, मधे तेवढा तांबडा चिखल. पाणाड्यानं ६० फूट अलीकडे दाखवलेल्या जागी ११० फुटांवर पाणी लागलं. त्या माणसाचे पैसे माझ्यामुळे गेले, ते मी विसरलेलो नाही. नंतर मी गावातल्या विहिरी फिरून पाहिल्या. पाणी देणारा मांजऱ्या माझ्या जागेच्या बाजूला पातळ होत संपत होता, आणि हे आधी फिरलो असतो तर विहिरींच्या कड्यांवर दिसलं असतं. तेव्हापासून मी मशीन गाडीतून काढण्याआधी किमान आठ-दहा विहिरी बघतो. आणि जो मशीनवाला खुंट्या न ठोकता, हातात यंत्र धरून ‘६०० फुटांवर चार इंच’ असा नेमका आकडा सांगतो, त्याला पैसे देऊ नका. खोली आणि इंच असे आधी सांगणारं उपकरण मी तरी पाहिलेलं नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. विहीर आटेल तेव्हा, म्हणजे येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, जाणत्या माणसाला दोर आणि दिवा घेऊन खाली उतरवलं असतं. आधी पेटता कंदील खाली सोडून हवेत प्राणवायू आहे का ते पाहायचं, हे चुकवू नका; विषारी वायू मात्र कंदिलानं कळत नाही. कड्यावर कुठल्या थरातून, किती फुटांवर आणि कुठल्या बाजूनं पाझर आहे ते खडूनं खूण करून ठेवायचं. गाळ किती साचलाय ते पाहायचं. जुन्या विहिरीत पाच-सात फूट गाळ सहज असतो, आणि अनेकदा पाणी देणारा थरच त्याखाली दबलेला असतो. मग आसपासच्या विहिरी: खोली, पाणी कुठल्या थराचं, कोणत्या महिन्यात आटते. यात दोन रविवार जातील. त्यानंतर गाळ काढणं, आणि पाझरणाऱ्या थरात ओढ्याच्या दिशेनं दोन-तीन आडवे बोअर. ओल्या थरात आडवं गेलेलं छिद्र त्या थरातल्या अनेक चिरा गाठतं. उभा बोअर तो थर काही फुटांत ओलांडून पुढं जातो. आडव्या बोअरनं नवं पाणी तयार होत नाही, हेही ध्यानात ठेवा. सामाईक थरातलं पाणी तुमच्या विहिरीत लवकर येतं, इतकंच. म्हणून ठिबक आणि एका एकराचं पीक आधी ठरवा.

एवढं करून उभा बोअर घ्यायचाच असेल तर खोदण्याआधीच ठरवून टाका की १९५ फुटांवर थांबायचं. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात मनाईच आहे. तुमचं गाव त्यात येतं का ते जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात विचारा. दर १० फुटांना निघालेला चुरा पिशवीत भरून खोली लिहून ठेवा. गाडीवाला ‘अजून ५० फूट जाऊ, लागेल’ म्हणेल. त्याचा दर फुटावर आहे, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा.

वडिलांशी बोलताना नारळाचा विषय काढू नका. त्यांनी त्या माणसाला घरी बोलावलंय, चहा पाजलाय, शब्द दिलाय. ‘ते खोटं आहे’ असं म्हणालात तर बोलणं तिथंच संपेल. त्यांना विचारा: आबा, आपल्या विहिरीला पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असायचं? कुठल्या कड्यातून यायचं? वाडीत कुणाकुणाचे बोअर बुजवलेत? वाडीतल्या कोरड्या बोअरची सगळी यादी त्यांना तोंडपाठ असेल, आणि ती यादी त्यांच्याच तोंडून यावी.

पाझराची खोली, बाजू आणि गाळ किती हे कळलं की मला सांगा. सोबत विहिरीच्या कड्याचा दिवसाउजेडी काढलेला फोटो असेल तर थर ओळखता येतील, आणि आडवे बोअर कुठल्या अंगाला घ्यायचे ते आपण ठरवू. तोवर गाडीवाल्याला इसार देऊ नका.